गुणिले अठ्ठावीस

आमच्या द्वारकेतल्या सोसायटीत सकाळचा उजेड वरून खाली उतरतो. आधी समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या काळ्या टाक्यांच्या कडा तांबूस होतात. मग तो सातव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटपाशी थांबतो, जिथे अजून कोणी राहायला आलेले नाही आणि खिडक्यांच्या काचांवर चुन्याच्या फुल्या तशाच आहेत. त्या फुल्यांवर तो इतका वेळ रेंगाळतो की, त्याला तिथेच घर घ्यायचे असावे असे वाटते. नंतर एकेक मजला खाली येताना तो वाळत घातलेल्या चादरींतून गाळला जातो, कूलरच्या गवताच्या पडद्यांवर पिवळा होतो, कुणाच्या तरी कठड्यावर उलट्या ठेवलेल्या बरणीत क्षणभर अडकतो, आणि तळमजल्यावर पोहोचेपर्यंत अगदी साधा, रोजच्या वापरातला होऊन जातो. मध्येच पालमकडे उतरणाऱ्या एखाद्या विमानाची सावली सगळ्या इमारतींवरून हात फिरवून जाते. मी हा उजेड पुष्कळ वर्षे पाहत आलो आहे. कोणाशी बोलावे लागू नये म्हणून माणूस ज्या गोष्टी करतो, त्यांत ही सर्वांत निरुपद्रवी आहे.

दोन हजार सहाच्या जुलैतल्या अशाच एका सकाळी आईने चहा ठेवता ठेवता बातमी दिली. युवराजला सिंगापुरात मुलगा झाला होता, आणि महिन्याभराने तिथेच बारसे होते.

युवराज म्हणजे आमच्याच जिन्यात चौथ्या मजल्यावर वाढलेला माझा मित्र. वडील संपतराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे; ते आणि युवराजची आई शेवंताकाकू बाळंतपणासाठी सिंगापूरलाच गेले होते. तो दोन वर्षांपूर्वी ‘दोन वर्षांत येतो’ असे सांगून सिंगापूरला नोकरीला गेला होता. माझ्या हिशेबाने ती दोन वर्षे आता भरली होती. शिवाय गुडगावला आमच्या ऑफिसात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झाली होती, आणि साहेबांनी मला सांगितले होते, ‘तुझा तो दोस्त येत असेल तर ऑगस्टच्या तीस तारखेपर्यंत थांबतो.’

‘मी जाईन बारशाला,’ मी म्हणालो.

आईच्या हातातली गाळणी थांबली. मी दुकानात भाव विचारायलाही लाजतो, हे तिला ठाऊक आहे. ‘एकटा?’

‘एकटाच. आणि येताना त्याला घेऊन येण्याचं ठरवून येतो.’

योजना एवढीच होती. तिकिटापुरते पैसे मी साठवलेले होते. खर्चासाठी थोडे डॉलर घ्यायचे, जायचे, युवराजला खुर्चीविषयी सांगायचे, यायचे. पण सोसायटीत कोणतीही योजना एवढीच राहू शकत नाही.

संध्याकाळी दीनानाथकाका आले. एकोणीसशे एकोणनव्वदमध्ये ते चार महिने दुबईला होते, आणि त्या चार महिन्यांवर ते गेली सतरा वर्षे सल्ले देत आहेत. ‘कार्ड नेऊ नकोस,’ ते बसता बसता म्हणाले. ‘कार्ड म्हणजे साप रे. चावलेलं इथं आल्यावर कळतं. कॅश ने. निम्मी मोज्यात.’

‘मोज्यात कशाला? त्यापेक्षा ट्रॅव्हलर्स चेक घेऊ दे,’ बाबा म्हणाले. बाबा, म्हणजे भालचंद्र, आयुष्यभर सरकारी खात्यात लेखापरीक्षण करून निवृत्त झाले आहेत. ज्याच्यावर दोनदा सही करावी लागते अशा कोणत्याही कागदाविषयी त्यांना आदर आहे.

‘चेक? भालचंद्रराव, बिल्कुल नाही! चेक वटवायला तिथं कमिशन, इथं कमिशन. दोन्हीकडून कापतात.’

या चर्चेतून काही निष्पन्न होण्याआधीच बेल वाजली. कुसुमावतीकाकू आल्या होत्या. त्या आमच्या सोसायटीतल्या मराठी महिला मंडळाच्या अध्यक्षा. त्यांच्या हातात सतरा पाकिटे होती.

‘मानस जातोय म्हटल्यावर मी सगळ्यांचा आहेर गोळाच करून टाकला,’ त्या म्हणाल्या. ‘शेवंतावहिनींचा पहिला नातू. नऊ घरांचे एकशेएक, चार घरांचे दोनशे एक्कावन्न, तीन घरांचे पाचशे एक. आणि माझे हजार एक. फक्त एक काम कर बाळ, तिथले डॉलर करून पाकिटात घाल. तिथं रुपये घेऊन ते काय करणार?’

‘हो, करतो,’ मी म्हणालो. मी कशालाही ‘हो’ म्हणतो. नाही म्हणण्यासाठी लागणारा श्वास माझ्याकडे वेळेवर कधीच नसतो.

त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. ‘आणि वरचा एक विसरू नकोस हं. शकुनाचा.’

इथे मला वाचकांची एकाग्रता थोडी उसनी हवी आहे. पाचशे एक रुपयांचे, त्या वेळच्या साडेअठ्ठावीसच्या दराने, सिंगापूरचे साडेसतरा डॉलर होतात. साडेसतरा ही संख्या शकुनाची नाही. शकुनाची संख्या म्हणजे अकरा, एकवीस, एकतीस. म्हणजे पाचशे एकवाल्यांना अकरावर उतरवायचे, किंवा एकवीसवर चढवायचे. दोनशे एक्कावन्नचे होतात पावणेनऊ. तेही जवळच्या अकरावर जातात. पण मग अडीचशे देणारे आणि पाचशे देणारे, दोघेही सिंगापुरात अकराच! आपल्या समाजाने शतकानुशतके जपलेला आहेराचा श्रेणीक्रम एका विनिमयदराने सपाट केला होता. अशी समता आजवर कोणत्याही चळवळीला साधलेली नाही, आणि ती आमच्या जिन्यात एक दिवससुद्धा टिकली नाही.

‘म्हणजे दीनानाथभावजींचे अडीचशे आणि माझे पाचशे सारखेच?’ दुसऱ्या मजल्यावरच्या कल्पनामावशींनी मला लिफ्टमध्ये गाठले. ‘मी काही बोलत नाही बाबा. फक्त विचारते.’

मी तिथल्या तिथे पाचशे एकला एकवीस केले. वरचे साडेतीन डॉलर माझे. अडीचशेला अकरा, वरचे सव्वादोन माझे. कुसुमावतीकाकूंच्या हजार एकचे पस्तीस होत होते. त्यांना एकतीस सुचवताच त्या नुसत्या माझ्याकडे पाहत राहिल्या, आणि मी एक्कावन्न म्हणालो. लिफ्ट आणि जिना यांच्या दरम्यान मी हजारभर रुपयांनी गरीब झालो होतो.

राहिली एकशेएकवाली नऊ घरे. एकेकाचे साडेतीन डॉलर; त्याचा शकुन करायचा तर एक डॉलर, जो कोणी भिकाऱ्यालाही देणार नाही, किंवा अकरा, जे मला परवडणार नाहीत. तेव्हा बाबांनी चष्मा पुसत तोड काढली. नऊ घरांचे मिळून एकतीस डॉलर होतात. एकच पाकीट करावे, वर नऊ नावे घालावीत. सगळ्यांना पटले. फक्त पहिले नाव कोणाचे, यावर दोन संध्याकाळी गेल्या. फ्लॅटच्या नंबराप्रमाणे लिहावे तर वरचे नाराज. आडनावाप्रमाणे लिहावे तर ‘क्षीरसागर’ हे नाव क मध्ये की क्ष मध्ये, यावर वाद. शेवटी मी नावे गोलाकार लिहिली. वर्तुळात पहिले कोणीच नसते. या एका कृतीबद्दल मला अजूनही थोडा अभिमान आहे.

दुसऱ्या दिवशी मी मेट्रोने बाराखंबाला उतरून कस्तुरबा गांधी मार्गावर एका बँकेच्या परकीय चलनाच्या खिडकीपुढे उभा राहिलो. भिंतीवर दरांचा फलक होता. त्यावर दोन रकाने: ते आपल्याकडून ज्या भावाने घेतात तो, आणि ते आपल्याला ज्या भावाने देतात तो. एकच डॉलर, पण त्या दोन रकान्यांच्या मधल्या पांढऱ्या पट्टीतून जाताना दोन-अडीच रुपयांनी झिजतो. त्या निरुंद पट्टीकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. माणसेसुद्धा देशातून देशात जाताना अशीच थोडी झिजत असतील, असा काहीसा विचार माझ्या मनात आला, आणि तेवढ्यात माझा नंबर पुकारून पुढे गेला.

पुन्हा नंबर घेतला. कारकुनाने तीन प्रतींतला फॉर्म पुढे सरकवला. ‘प्रवासाचा हेतू’ या रकान्यात मी ‘बारसे’ असे लिहिले.

‘ये बारसे क्या है?’

‘जी, नामकरण.’

‘किसका?’

‘दोस्त के बेटे का.’

‘इलाज, पढ़ाई, बिज़नेस, या प्राइवेट विज़िट. इनमें से बताइए.’

मित्राला परत आणणे, हा रकाना तिथे नव्हताच. मी प्राइवेट विज़िटवर खूण केली.

‘जी, नौ सिक्के भी चाहिए,’ मी हळूच म्हणालो. ‘एक-एक डॉलर के.’ पाकिटे नऊ होती, आणि प्रत्येकात वरचा एक हवा होता.

‘सिक्का हम नहीं रखते. सिक्का कोई नहीं रखता. और एक का नोट वहाँ चलता नहीं, दो का है.’ मग त्याने चष्म्यावरून पाहिले. ‘नौ ही क्यों?’

शकुन ही गोष्ट हिंदीत, रांगेत उभे राहून, काचेला पाडलेल्या भोकातून समजावून सांगता येत नाही. मी नोटा घेतल्या. वर सेवाशुल्क, सेवाशुल्कावर कर, आणि एका फोटोकॉपीचे दोन रुपये. बाहेर पडल्यावर आणखी दोन ठिकाणी सिक्क्यांची चौकशी केली. एकाने नाही म्हटले. दुसऱ्याने चहा पाजला आणि मग नाही म्हटले.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मी सिंगापूरला उतरलो. युवराज विमानतळावर आला होता. अंगाने थोडा भरला होता, आणि त्याने मला मिठी मारली तेव्हा त्याच्या शर्टाला वेगळ्याच साबणाचा वास येत होता.

‘मान्या! आलास यार! मला वाटलं इमिग्रेशनवालाच तुला घाबरवून परत पाठवेल.’

टॅक्सीत मी खुर्चीविषयी बोलणार होतो. पण मीटर चालू होते, आणि माझे लक्ष मीटरवरून हलेना. अठरा डॉलर. दरातले वरचे आठ आणे सोडले तरी अठरा गुणिले अठ्ठावीस: पाचशे चार रुपये. एवढ्यात द्वारकेहून फरीदाबादला जाऊन, जेवून परत येता येते. युवराजने पैसे दिले तेव्हा माझ्या तोंडून हुंदक्यासारखे काहीतरी बाहेर पडले.

बारसे परवा होते. आधी सिक्के हवे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच लिटल इंडियाच्या बाजूला गेलो. कोणत्याही धीट माणसाने दुकानदाराला नोट देऊन ‘सुट्टे द्या’ म्हटले असते. पण काही न घेता नुसते सुट्टे मागणे, यासाठी जो एक प्रकारचा निर्लज्जपणा लागतो, तो मला आईवडिलांकडून मिळालेला नाही. मी लिंबाच्या सरबताच्या गाडीवर गेलो. एक ग्लास, एक डॉलर. मी दोनची नोट दिली. एक सोनेरी नाणे हातात आले. चित्त प्रसन्न झाले.

युक्ती सापडली होती. मी आणखी एक ग्लास मागितला. पुन्हा दोनची नोट, पुन्हा नाणे. तिसऱ्या ग्लासाला विक्रेता हसला. चौथ्याला हसायचा थांबला. माझ्या ध्यानात येऊ लागले होते की, एक डॉलरचे नाणे मिळवण्यासाठी मी एक डॉलरचे सरबत पीत होतो. म्हणजे विनिमयाचे शुल्क शंभर टक्के. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या त्या खिडकीने मला इतके कधीच लुटले नव्हते. पण सुरू केलेली गोष्ट मध्येच सोडली तर विक्रेत्याला काय वाटेल, या काळजीने मी पाचवा आणि सहावा ग्लासही घेतला.

सातव्याला त्याने ग्लास भरलाच नाही. ‘ब्रदर, कॉइन पाहिजे तर माग ना,’ अशा अर्थाचे तो इंग्रजीत म्हणाला, आणि माझ्या हातातल्या दोन नोटा घेऊन त्याने चार नाणी मोजून दिली, हवी होती त्याहून एक जास्त. वर, माझ्याकडे पाहून, उन्हात बसू नको असे सांगितले. त्या दिवशी दुपारी मला काहीही खाता आले नाही. शेवंताकाकूंना वाटले, मला घरची आठवण येते आहे.

संध्याकाळी युवराज मला बाळासाठी काही घ्यायचे म्हणून सोनाराच्या दुकानात घेऊन गेला. मी एक पिटुकली अंगठी निवडली. एकशेवीस डॉलर. गुणिले अठ्ठावीस... मी डोळे मिटून घेतले. रोख पैसे बहुतेक आहेरात आणि सरबतात गेले होते. दीनानाथकाकांची क्षमा मागून मी कार्ड काढले. काउंटरवरच्या मुलीने यंत्रात कार्ड घातले आणि विचारले, ‘सिंगापूर डॉलर, की रुपये?’

रुपये! दोन दिवसांत हा शब्द प्रथमच कोणा परक्याच्या तोंडून कानावर आला होता. सगळे काही अनोळखी आकड्यांत बोलत असताना त्या पडद्यावर माझ्या देशाचे चलन उमटले होते, जणू परक्या गल्लीत कोणी खिडकीतून आपल्या भाषेत हाक मारावी. ‘रुपये,’ मी म्हणालो, आणि अभिमानाने नेहमीपेक्षा मोठी सही केली.

युवराजने पावती उचलली. ‘छत्तीसशे? मान्या, हे काय केलंस! तीसचा भाव लावलाय तुला.’

‘पण रुपयांत दिले मी.’

‘तेच तर! रुपयांत दिलंस की दर ते त्यांचा लावतात. गोऱ्यांपासून आपल्यापर्यंत सगळ्यांना असंच पकडतात यार. आणि तुझी बँक वर परदेशी व्यवहाराचे साडेतीन टक्के घेणारच, तू रुपये म्हण नाहीतर कवड्या म्हण. इथं नेहमी डॉलरच म्हणायचं.’

‘मला वाटलं, आपलं चलन आहे.’

तो हसला नाही, हे मला जास्त लागले. ‘चल, कॉफी पिऊ,’ तो म्हणाला.

कॉफी दोघांची मिळून चौदा डॉलर झाली. ‘चौदा म्हणजे तीनशे ब्याण्णव!’ मी म्हणालो.

‘चौदा म्हणजे चौदा.’

‘नाही, पण रुपयांत...’

‘मी करत नाही आता गुणाकार,’ तो पेल्यात साखर ढवळत म्हणाला. ‘पहिले सहा महिने करायचो. भाजी घेताना, केस कापताना. बाबांना फोन केला की मिनिटाला किती रुपये, तेही. मग एक दिवस दूध घेऊन घरी आलो आणि दारात लक्षात आलं, आज केलाच नाही. त्यानंतर कधी झाला नाही.’

हीच वेळ होती. मी खिशातून कागद काढला. त्यावर मी त्याचा इथला पगार अठ्ठावीसने गुणून, त्यातून इथले घरभाडे गुणून वजा करून, गुडगावचा पगार त्याच्या शेजारी मांडला होता. मुळीच वाईट दिसत नव्हते. ‘खुर्ची माझ्या शेजारची आहे,’ मी म्हणालो. ‘खिडकीकडची तू घे. मी आतली घेतो.’

त्याने कागद वाचला. दोनदा वाचला. ‘अक्षर अजून तसंच आहे तुझं,’ तो म्हणाला, आणि कागद नीट घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. मी त्याचा अर्थ अनुकूल लावला.

बारसे छान झाले. प्रज्ञाने, म्हणजे युवराजच्या बायकोने, बाळाच्या कानात ‘विश्वजित’ हे नाव सांगितले. शेवंताकाकूंनी गोलाकार नावांचे पाकीट फिरवून फिरवून वाचले आणि त्यांचे डोळे भरून आले. ‘बघा की,’ त्या संपतरावांना म्हणाल्या, ‘समदी गोल बसल्यात. आपल्या जिन्यात बसतात तशीच.’

‘अच्छा काम किया, पोरा,’ संपतराव माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले. ‘एकदम फौजी काम.’ मग विचारले, ‘तोंड का उतरलंय?’

‘सरबत जरा जास्त झालं,’ मी म्हणालो.

परत आल्यावर उरलेले बावीस डॉलर मी बदलून घेतले नाहीत. दिल्लीच्या विमानतळावर त्यांचा भाव ऐकला आणि मला नोटांचीच दया आली.

सप्टेंबरात कार्डाचे बिल आले. बाबांनी ते माझ्या खर्चाच्या यादीसह जेवणाच्या टेबलावर पसरले आणि लाल पेन्सिल घेतली. कितीतरी दिवसांत त्यांना मी एवढे तरुण पाहिले नव्हते. ‘दरातला फरक. सेवाशुल्क. त्यावर कर. शकुनाची भर हजार. रुपयांत दिल्याचे अडीचशे, वर साडेतीन टक्के. आणि हे सरबत?’

‘ते विनिमयात धरा.’

‘एकंदर तुझ्या खर्चाचा पाचवा हिस्सा नुसता रुपयाचा डॉलर होण्यात गेला,’ त्यांनी निकाल दिला. ‘दीनानाथला सांगू नकोस. वर्षभर पुरेल त्याला.’

आई इतका वेळ वाटाणे सोलत बसली होती. तिने वर न पाहता विचारले, ‘आणि युवराज कधीपासून रुजू होतोय? तीस तारीख गेली ना?’

‘साहेबांनी थोडी मुदत वाढवलीय,’ मी म्हणालो. हे खोटे होते. खुर्चीवर चार दिवसांपूर्वीच रोहतकचा एक मुलगा येऊन बसला होता. खिडकीकडची त्याने न विचारता घेतली होती.

‘मानस,’ आई म्हणाली. एवढेच म्हणाली.

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली.

‘तो येणार नाही,’ मी म्हणालो.

‘तुला तिथं बोलला तसं?’ आईने विचारले.

तिथे नाही. त्याने ते मला गेल्या दिवाळीत, फोनवर, अगदी साध्या शब्दांत सांगितले होते: आम्ही इथे घर घेतोय, मान्या, मी परत येणार नाही. मी ‘हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये’ असे म्हणून फोन ठेवला होता. आवाज स्वच्छ येत होता.